खिशाचं माप

"खिशात मावलं पाहिजे बघ. कमरेला लटकवून फिरायला मी काय पोलीस आहे?"

दिवाळीत सालवडच्या घरी ओट्यावर बसून मामाने मला हे सांगितलं. मामा तारापूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना कामगार पुरवतो. त्या आधीच्या पावसाळ्यात, रात्री नऊच्या सुमाराला, कामगारांना द्यायची उचल पिशवीत घेऊन तो मोटारसायकलवरून घरी येत होता. मागून दोघं आले, पिशवी ओढली, मामा गाडीसकट आडवा झाला. पैसे गेले ते गेलेच, वर उजव्या खांद्यात प्लेट बसली. अजूनही तो हात खांद्याच्या वर जात नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच: परवाना काढायचा आणि छोटं पिस्तूल घ्यायचं. कुठलं घ्यायचं ते शोधायचं काम माझ्यावर. कारण मी 'कॉम्प्युटरवाला'.

मी पुण्याला परत आलो आणि सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. लांबी, वजन, बोअर, गोळ्या, किंमत. भारतात सामान्य माणसाला कायद्याने घेता येतील अशा छोट्या हँडगन इतक्या थोड्या आहेत की शीट अर्ध्या तासात भरली. मग एक जास्तीचा कॉलम उगाचच टाकला: 'आपल्याकडे खिशात बाळगून खरोखर कोणी वापरलं?' त्या कॉलमने माझे पुढचे दोन महिने खाल्ले. हा लेख म्हणजे तो कॉलम.

खिशातल्या बंदुकीची कल्पना तशी जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एकबारी पिस्तुलं तळहातात लपत. १८६५ मध्ये लिंकनवर गोळी झाडली गेली ती अशाच एकातून. पण एक गोळी झाडली की खेळ संपला. पुढे रिव्हॉल्वर आलं, पाच-सहा गोळ्या आल्या, आणि त्यांच्यासोबत ते गोल फिरणारं चक्र आलं. खिशाचा खरा शत्रू हे चक्र. लांबी एक वेळ लपते, पण जाडी लपत नाही, कोटाला फुगवटा येतो. वर मागचा घोडा कापडात अडकतो.

हा प्रश्न सोडवला अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या जॉन ब्राउनिंग नावाच्या माणसाने. त्याने गोळ्या चक्रातून काढून मुठीत, एकावर एक रचल्या. वरचा पोलादी भाग प्रत्येक गोळीच्या धक्क्याने मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि परत येताना नवीन गोळी नळीत ढकलतो. यासाठी त्याने ७.६५ मिलिमीटरची नवी गोळी बनवली, जिला इंग्रजी मापात .३२ म्हणतात. बेल्जियममधल्या एफएन कंपनीने हे पिस्तूल १९०० च्या आसपास बाजारात आणलं. वजन साधारण ६२५ ग्रॅम, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, बाहेर अडकेल असा घोडा नाही, आणि अंग चपटं. १९०६ मध्ये याच कंपनीने त्याहूनही छोटं, साडेअकरा सेंटिमीटरचं पिस्तूल काढलं. त्याला लोक 'वेस्ट पॉकेट' म्हणत, म्हणजे जाकिटाच्या खिशातलं.

इंजिनिअर म्हणून मला याचं डिझाइन बघून आनंद झाला, हे कबूल करतो. फार थोड्या भागांत फार मोठं काम. पण त्या चपटेपणाचं पुढे काय झालं तेही बघा. १९०४ मध्ये हेलसिंकीत फिनलंडचा रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव मारला गेला, तो एफएनच्या या ब्राउनिंगने. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमींना मारलं, तेही याच पिस्तुलाने. फ्रेंच भाषेत तर कुठल्याही पिस्तुलाला 'ब्राउनिंग' म्हणायची पद्धत पडली, आपण झेरॉक्स म्हणतो तशी.

हार्बिननंतर दोन महिने पूर्ण व्हायच्या आतच नाशिकला ब्राउनिंगचा आवाज झाला.

त्याआधी कायद्याचं सांगायला हवं, कारण कायद्याशिवाय नाशिकची गोष्ट कळत नाही. १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायचं तर परवाना हवा. युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना मात्र सूट. म्हणजे एकाच रस्त्यावरून चालणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खिशात रिव्हॉल्वर असणं ही मामुली गोष्ट आणि दुसऱ्याच्या खिशात असणं हा गुन्हा. ही सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली. शस्त्र हवं असलेल्या हिंदी तरुणाला बाजार बंद असल्यामुळे त्याची निवड एकाच कसोटीवर व्हायची: काय लपेल?

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधू पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँडची वाट बघत उभे होते, तेव्हा त्यांच्याकडे तलवारीही होत्या. त्या त्यांनी वाटेतल्या मोरीत ठेवल्या आणि पिस्तुलं घेऊन पुढे गेले. शौर्याच्या चित्रांत तलवार असते. प्रत्यक्षात ती अडचण होती.

१९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला परतला. त्याच्या ट्रंकेला चोरतळ होता आणि त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. मी इथे थांबून गणित केलं. ६२५ ग्रॅमच्या हिशेबाने वीस म्हणजे साडेबारा किलो, गोळ्या सोडून. हमालाने ट्रंक उचलली तर 'पुस्तकं आहेत' म्हणून खपून जाईल एवढं वजन. त्या काळातली ब्रिटिश फौजी वेब्ली रिव्हॉल्वरं किलोच्या पुढची. तशी वीस चोरतळात घालायची म्हटलं तर तळ हातभर वर आला असता. वीस पिस्तुलं कस्टममधून सुटली, त्यात धाडस होतं आणि ब्राउनिंगचा चपटेपणाही होता.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची बदली झाली होती. त्यांच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरमध्ये देवलांच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन आत शिरताच औरंगाबादला शिकणाऱ्या अनंत कान्हेरे या मुलाने अगदी जवळून एकामागून एक गोळ्या झाडल्या. त्याचं वय अठरासुद्धा नव्हतं. बाबाराव सावरकरांवरचा खटला जॅक्सननेच पुढे चालवला होता आणि त्यात बाबारावांना जन्मठेप झाली होती. हे त्याचं उत्तर. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तेव्हा पालघर-बोईसरचा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

जॅक्सनचा आणि आमच्या भागाचा आणखी एक धागा मला सापडला, तो विषयाला सोडून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. त्यांना लोकसमजुती गोळा करायचा नाद होता: भूतं, देवचार, पाऊस पडावा म्हणून करायचे विधी. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी ही माहिती मागवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने ती छापली. त्यातला एक भाग कोकणावर आहे आणि त्यात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांनी पाठवलेल्या नोंदीही आहेत. ज्याच्या कागदांत आपल्या आज्यांच्या भुताखेतांच्या गोष्टी जपल्या गेल्या, तोच माणूस त्या थिएटरच्या दारात पडला. या दोन गोष्टी मला अजून एका वाक्यात नीट बसवता आलेल्या नाहीत.

आता माझ्या कॉलमकडे. नोंदी वाढत गेल्या तसं त्यात एक साम्य दिसायला लागलं. गणेशखिंड, हेलसिंकी, हार्बिन, नाशिक. प्रत्येक ठिकाणी ज्याच्या खिशात पिस्तूल होतं त्याला वेळ माहीत होती, जागा माहीत होती, समोरचा कोण तेही माहीत होतं. तो आधीपासून उभा होता. हात आधीच खिशात होता. छोट्या पिस्तुलाचे जेवढे दोष आहेत, ते या माणसाला लागू होत नाहीत. नळी आखूड आणि पुढची-मागची माशी जवळजवळ, त्यामुळे हात केसभर हलला तरी लांबचा नेम चुकतो. पण हा लांबून मारतच नाही. मूठ लहान, करंगळीला जागा नाही, आणि वजन कमी असल्यामुळे धक्का जास्त बसतो. पण याने सराव केलेला असतो. खिशातून काढायला वेळ लागतो. पण याच्याकडे वेळ असतो. वेळ नसतो तो समोरच्याकडे.

मामा म्हणजे तो समोरचा. रात्री नऊला, पावसात, एक हात हँडलवर, एक क्लचवर, पाठीमागून येणाऱ्याची खबर नाही. वेब्ली काय आणि ब्राउनिंग काय, ते पँटच्या खिशात रेनकोटच्या खाली असणार.

मी मुद्दाम उलटी उदाहरणं शोधली. अचानक हल्ला झाला आणि खिशातल्या छोट्या पिस्तुलाने माणूस वाचला, अशी. जगात ती असतीलही, आणि ज्या देशांत असं पिस्तूल बाळगणं रोजचं आहे तिथले लोक ती हिरिरीने सांगतात. आमच्याकडची जी गोष्ट हाताला लागली ती वेगळीच निघाली. २२ जुलै १९३१ ला मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजची वाडिया लायब्ररी बघायला आले. तिथे वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. सोलापुरात त्याच वर्षी जानेवारीत चौघांना फाशी दिल्याचा राग होता. गोळी छातीवर लागली, पण हॉटसन वाचले. त्यांच्या खिशातल्या पाकिटाचं धातूचं बटण आडवं आलं. थोडक्यात, खिशातल्या वस्तूने जीव वाचवल्याची माझ्याकडे एकच नोंद आहे आणि ती वस्तू पाकीट आहे.

आणखी एक नोंद टाळता येत नाही. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींच्या खुनाचा प्रयत्न झाला. त्या दिवशी सकाळी हिंदू महासभा भवनाच्या मागच्या झाडीत कटवाल्यांनी दोन रिव्हॉल्वरं तपासून पाहिली. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगेने कोर्टात सांगितल्याप्रमाणे एक चाललंच नाही आणि दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचली नाही. तो बेत फसला. मग नथुराम गोडसे चांगलं पिस्तूल शोधत ग्वाल्हेरला गेला आणि तिथे त्याला इटालियन बनावटीचं बेरेटा मिळालं. १९३४ चं मॉडेल, पुन्हा चपटं, पुन्हा सात गोळ्यांचं, पुन्हा खिशात राहणारं. ३० जानेवारीला प्रार्थनेच्या वाटेवर त्याने तीन गोळ्या झाडल्या. समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निःशस्त्र माणूस हात जोडून चालत होता. 'कोणतं छोटं पिस्तूल भरवशाचं' हा प्रश्न मराठी माणसाने सगळ्यात मन लावून कधी सोडवला असेल, तर तो या दहा दिवसांत. हे लिहिताना माझ्या पोटात कालवतं, पण कॉलम माझाच आहे.

आजच्या बाजाराकडे वळतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत. ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही मापं प्रतिबंधित, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला हँडगनमध्ये मुख्यतः .३२ उरतं. गंमत अशी की सरकारी कारखान्याचं .३२ चं 'अशनी' पिस्तूल आजही ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बनवलेल्या त्याच गोळीवर चालतं. सव्वाशे वर्षं झाली, मामाचा पर्याय आणि अमीनच्या ट्रंकेतला माल एकाच घराण्यातला. रिव्हॉल्वरमध्ये कानपूरचं 'निर्भीक' आहे. दिल्लीच्या घटनेनंतर, २०१४ मध्ये, बायकांच्या पर्समध्ये राहील असं म्हणून ते आणलं गेलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला रात्री शेवटच्या लोकलने एकटीने यावं लागतं, तिच्याकडे सव्वा लाख कुठून येणार, हा प्रश्न तेव्हाच अनेकांनी विचारला होता. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. ते ७०० ग्रॅमचं आणि त्याचं चक्र बाजूला उघडतं. परदेशी माल सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकापासून बंदच आहे.

परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. मग पोलिसांचा अहवाल, जीविताला धोका असल्याचं कारण, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. आणि मामाच्या मूळ मागणीला सुरुंग लावणारी एक ओळ २०१६ च्या नियमांत आहे. सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर त्यासाठीच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकून आणि ताब्यात ठेवून. नुसती किल्ल्या आणि सुट्या पैशांसोबत खिशात टाकून नाही. नियम सोडा, यंत्राच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. खिशात किल्ली असते, तंबाखूचा भुगा असतो, आणि ट्रिगरला हे बोट आहे की किल्ली ते कळत नाही. विनापरवाना बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैद.

हे सगळं घेऊन मी फेब्रुवारीत सालवडला गेलो. बोईसरला उतरण्याऐवजी आधी पालघरला उतरलो, कारण कॉलममध्ये एक रकाना अजून रिकामा होता: सालवड.

पालघरच्या पाचबत्तीला हुतात्मा स्तंभ आहे. आम्ही शाळेत असताना १४ ऑगस्टला तिथे नेत. खाऊ मिळायचा म्हणून जायचो. १४ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'चा मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी. आणि पाचवे, सालवडचे सुकूर गोविंद मोरे. लहानपणी ते नाव मी शंभरदा तरी ऐकलं असेल. या वेळी स्तंभासमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा हिशेब लागला की आमच्या गावाच्या इतिहासात बंदूक आहे, पण ती गावातल्या कुणाच्या खिशात नव्हती, समोरच्याच्या हातात होती. मोर्चातल्यांकडे झेंडा होता. त्या काळात चोरतळातून पिस्तुलं आणता येतात हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. नाशिकची गोष्ट ठाणे जिल्ह्यात तेहतीस वर्षं सांगितली जात होती. तरी ते रिकाम्या हातांनी गेले. नाशिकचा रस्ता आणि पालघरचा रस्ता यांतला मोठा कोणता, हा वाद मला घालायचा नाही. मला फक्त मामाला सांगायचं होतं.

मामाने शीट फोनवर वर-खाली करून पाहिली आणि म्हणाला, "हे सगळं ठीक. पण मावेल का ते सांग."

मग मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचं लोखंडी माप एका दिवसासाठी मागून आणलं. म्हटलं, "मामा, हे निर्भीक. आज दिवसभर खिशात ठेव."

त्याने ठेवलं. उजव्या खिशात, कारण माणूस उजव्या हाताचा. सकाळी दहाला आम्ही निघालो. साइटवर जाईपर्यंत पँट त्या बाजूने खाली आली होती. तो दर दोन मिनिटांनी खिशावर हात ठेवून बघत होता. चहाच्या टपरीवर पोराने विचारलं, "काका, खिशात काय आहे?" गाडीवर बसताना माप मांडीत रुतलं. दुपारी मी म्हटलं, "आता काढून दाखव, पटकन." बसल्या जागी खिशात हात घालायला कोपर मागे आणि वर न्यावं लागतं. खांदा तिथे अडला. त्याने दात दाबून माप बाहेर काढलं. मी मनात आकडे मोजत होतो. सातपर्यंत पोहोचलो. मामाला आकडा सांगितला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मामीला कळलं काय चाललंय ते. ती एवढंच म्हणाली, "रात्री ह्यांची पँट खुंटीला असते. आणि त्या खिशात सकाळी पहिला हात कोणाचा जातो, ते ह्यांना विचार." नातू सहा वर्षांचा आहे. आजोबांच्या खिशात रोज एक चॉकलेट असतं आणि ते रोज तोच काढतो. पुढच्या पाच मिनिटांत ओट्यावर कोणी बोललं नाही.

भीती गेली असं नाही. अजून रात्री मागून मोटारसायकलचा आवाज आला की तो गाडी कडेला घेऊन थांबतो. ज्या कामगारांची खाती आहेत त्यांची उचल आता फोनवरून जाते. बाकीच्यांची दुपारी, चौघांदेखत, कारखान्याच्या गेटवर. परवान्याचा अर्ज अर्धा भरलेला माझ्या ड्राइव्हवर आहे. डिलीट कर असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही.

निघताना त्याने माप माझ्या हातात ठेवलं.

"जाता जाता वाण्याला देऊन टाक हे. त्याची डाळ अडली असेल."